दर आठवड्याला आवाज बसतो? औषध बदलण्याआधी खिडकीतला कूलर बघा

सोमवारी ठणठणीत, बुधवारी खरखर, शुक्रवारी शेवटच्या तासाला नुसती हवा. रविवारी आवाज परत येतो आणि सोमवारपासून पुन्हा तेच. शाळेत, ट्यूशनमध्ये, एमपीएससीच्या बॅचवर शिकवणाऱ्यांना हे चक्र चांगलंच ओळखीचं असेल. सूत्रसंचालन करणारे, कीर्तनकार, नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दिवसभर गिऱ्हाइकाला हाका मारणारे, यांचंही फार वेगळं नसतं.

स्टाफरूममध्ये निदान दोन मिनिटांत होतं. “काहून मॅडम, बसला का आवाज? फ्रिजचं पाणी पिलं असाल काल.” मग कोणाच्या पर्समधून ज्येष्ठमध निघतं, कोणी लवंग देतं, कोणी रात्री हळद-दूध घ्यायला सांगतं. दोन दिवसांनी आवाज सुटतो. मधे शनिवार-रविवार गेलेला असतो, पण श्रेय ज्येष्ठमधाला मिळतं. पुढच्या बुधवारी पुन्हा पर्स उघडते.

सर्दी-पडसं नसताना आवाज असा वारंवार बसत असेल, तर घशात काय गेलं याचा तपास थोडा बाजूला ठेवा आणि आपण कशाच्या वरताण बोलत होतो ते शोधा. नागपुरात मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत त्याचं उत्तर बरेचदा खिडकीत बसवलेलं असतं.

पहिलं काम: वेळ नोंदवा

एक आठवडा वहीत किंवा मोबाइलमध्ये दिवसातून तीनदा फक्त एवढंच लिहा: सकाळी उठल्यावर आवाज कसा, दुपारी कसा, रात्री कसा. शेजारी त्या दिवशी किती तास बोललात आणि कुठे, तेही टाका. खर्च शून्य, पण निम्मं निदान इथेच होतं.

सकाळी स्वच्छ आणि संध्याकाळी खराब, असं दिसलं तर आवाज जास्त आणि जोरात वापरला जातोय. उलट सकाळी जड, घोगरा, घशात काहीतरी चिकटल्यासारखा आणि दहा-अकरापर्यंत मोकळा होत असेल, तर रात्री काहीतरी घडतंय: पित्त वर येत असेल, नाहीतर तोंड उघडं टाकून झोपल्याने घसा कोरडा पडत असेल. सर्दीबरोबर बसला आणि सर्दीबरोबर सुटला तर तो बहुतेक विषाणूचा प्रताप. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातो आणि त्याला अँटिबायोटिकचा सहसा उपयोग नसतो. दिवसभर एकसारखा खराब, आठवड्यामागून आठवडे तसाच राहिला, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

आणखी एक छोटी चाचणी आहे. रोज सकाळी वरच्या पट्टीत, अगदी हळू आवाजात, बाळाला झोपवताना काढतो तेवढ्याच, “ऊ” म्हणा. जोरात म्हटलं तर सूज झाकली जाते; हळू म्हटलं की ती उघडी पडते. सूर उशिरा फुटला, आधी नुसती हवा आली, किंवा काल सहज लागलेली जागा आज लागली नाही, तर स्वरतंतू सुजलेत असं समजा आणि त्या दिवशीचं बोलणं जमेल तेवढं कमी करा. बोलताना आवाज बरा वाटत असतानाही ही चाचणी चुगली करते, म्हणून मला ती फार आवडते.

कूलर, वर्ग आणि चढलेला आवाज

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला १००-१२५ वेळा, बाईच्या बोलण्यात २०० च्या आसपास. दिवसभरात प्रत्यक्ष आवाज निघण्याची वेळ फक्त दोन तास धरली, तरी एखाद्या मॅडमच्या स्वरतंतूंवर चौदा लाखांवर टोले पडतात. आवाज चढवला की पट्टी वर जाते, म्हणजे संख्या वाढते, आणि टोल्याचा जोरही वाढतो. त्याने सूज येते. सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, आवाज खरखरतो. खरखर झाली की मागच्या बाकावर ऐकू जात नाही, म्हणून आपण आणखी जोर लावतो. महिनोन्महिने असं चाललं की कुदळ धरणाऱ्या हाताला पडतात तसे तिथे घट्टे पडतात. डॉक्टर त्यांना नोड्यूल म्हणतात.

आता आवाज चढतो कशामुळे? भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. एतियेन लोंबार्द या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला त्याचंच नाव पडलं आहे. यातला ‘नकळत’ फार महत्त्वाचा. “आज हळूच बोलायचं” असं ठरवून वर्गात शिरलात तरी दहाव्या मिनिटाला आवाज चढलेला असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. म्हणून “सर, जरा आवाज जपा” या सल्ल्याचा काडीचा उपयोग होत नाही. गोंगाट कमी झाला तरच आवाज उतरतो.

एप्रिलमधला आपल्याकडचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा ४२-४३, हवा कोरडी ठक्क, खिडकीत पत्र्याचा डेझर्ट कूलर. कूलरची एक बाजू चांगली आहे: ओल्या गवतातून येणारी हवा दमट असते आणि स्वरतंतूंना ती एसीच्या सुक्या हवेपेक्षा मानवते. अडचण त्याच्या पंख्याची. तो घरघरतो, जाळी खडखडते, वर छताचे पंखे कटकट करतात. शिकवणारा घामाने हैराण, म्हणून कूलरच्या तोंडाशीच उभा. म्हणजे गोंगाट त्याच्या कानाशी आणि मुलं लांब. मुलांना नीट समजायचं तर शिक्षकाचा आवाज त्यांच्या कानापाशी गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वरचढ लागतो. समोरासमोर गप्पा मारतानाचा आपला आवाज एका मीटरवर ६० च्या आसपास असतो. कूलरनेच बाकापाशी ६० गाठले असतील तर उरलेला हिशेब घशातूनच वसूल होतो.

मोबाइलवर आवाज मोजणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा अगदी अचूक नसतो, पण तुलना करायला पुरतो. वर्ग रिकामा असताना मधल्या बाकावर फोन ठेवा. कूलर बंद, एकवर, तीनवर, असं मोजा. फरक बघून बहुतेकांना धक्का बसतो.

मग दुरुस्ती. बहुतेक कूलरमध्ये पंप आणि पंखा यांची बटणं वेगळी असतात. तास सुरू होण्याआधी पंप चालू आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून खोली गार करून घ्या. समजावून सांगताना पंखा एकवर आणा. मुलं उदाहरण सोडवत असतील, उतरवून घेत असतील, तेव्हा पुन्हा तीनवर. हे काम खिडकीजवळच्या एका पोराला दिलं की तो इमानेइतबारे करतो. रेग्युलेटर हातात असणं हा वर्गातला मोठा मान आहे.

खडखडाट वेगळा काढा. कूलर चालू ठेवून जाळीवर, बाजूच्या गवताच्या चौकटींवर, स्टँडवर एकेक करून हात दाबून बघा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे स्क्रू ढिला आहे. आवळा. स्टँडच्या पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ज्येष्ठमधाच्या पुडीपेक्षा ते जास्त दिवस टिकतं.

उभं राहण्याची जागाही बदला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी फरक पडतो, पण पडतो. फळ्याला चिकटून शिकवण्यापेक्षा मधल्या वाटेत तिसऱ्या-चौथ्या बाकापाशी येऊन समजावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. मागचे दोन बाक रिकामे असतील तर मुलांना पुढे घ्या. मागे बसायची हौस असलेल्यांची नाराजी पत्करा.

राहिलं “ए, शांत बसा!” हे. स्वरतंतूंना सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच, कारण ते सगळ्या गोंगाटाच्या वरून, तयारीशिवाय, रागाने फेकलेलं असतं. त्यासाठी टेबलावर पूजेतली छोटी घंटी ठेवा, किंवा टाळ्यांचा एक ठरलेला ठेका ठेवा जो मुलांनी परत वाजवायचा. पहिले काही दिवस पोरं हसतील, मग सवय होते.

माइकला लाजू नका

साठ-सत्तर मुलांची बॅच असेल तर वर सांगितलेलं सगळं करूनही घसा पुरत नाही. त्यासाठी डोक्याला अडकवायचा माइक आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर मिळतो. हजार-दोन हजारांत काम होतं. अमेरिकेत आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला असा माइक दिला, दुसऱ्याला आवाज जपण्याच्या सूचना दिल्या, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. ठळक सुधारणा माइकवाल्या गटात दिसली. नुसत्या सूचनांनी तशी दिसली नाही. असले सूचनावजा लेख लिहिणाऱ्याने हे मान्य करायला हवं, म्हणून लिहिलं.

“एवढ्याशा वर्गात माइक कशाला” म्हणून लोक हसतात. हसू द्या. लावताना तो ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब ठेवा, म्हणजे फूत्कार येत नाही. आवाज इतकाच ठेवा की मधल्या बाकाला आरामात ऐकू जाईल. आणि माइक लावून ओरडणं सुरूच ठेवलं तर उपयोग नाही. शेजारी बसलेल्याशी बोलतो तसं बोला.

श्वासाकडेही जरा लक्ष द्या. व्याख्या सांगताना आपण सगळं वाक्य एका दमात रेटतो आणि शेवटचे चार शब्द हवा संपल्यावर गळा आवळून काढतो. ताण तिथेच पडतो. स्वतःचा एक तास फोनवर रेकॉर्ड करून ऐका. वाक्यांची टोकं चिरडलेली, करकरीत ऐकू आली तर वाक्य दोन ठिकाणी तोडा आणि तिथे श्वास घ्या. मुलांना उतरवून घ्यायलाही तेवढीच सवड मिळते.

सकाळचा घोगरा आवाज

वहीत सकाळ खराब निघाली असेल तर रात्रीचं जेवण बघा. सावजीचं झणझणीत मटण रात्री साडेदहाला, अकराला आडवं, आणि सकाळी सातला तर्री पोहे. पोटातलं आम्ल झोपेत वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला चटका देऊ शकतं. गंमत म्हणजे अशा कित्येकांना छातीत जळजळ होतच नाही, त्यामुळे “मला अ‍ॅसिडिटी नाही” असं ते शपथेवर सांगतात. सारखं खाकरावंसं वाटणं, घशात गोळा अडकल्याची भावना, सकाळचा जड आवाज, या खुणा दिसल्या तर संशय घ्या. मात्र याच खुणा दुसऱ्या कारणांनीही असू शकतात.

सावजी सोडा असं मी नागपुरात राहून सांगणार नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५-२० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर मान मुडपते, पोट तसंच राहतं. तर्री सकाळच्या तासाआधी नको, रविवारी खा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पित्ताच्या गोळ्या आपल्या मनाने महिनोन्महिने खात बसू नका.

जे घशात जातं ते तिथवर पोचत नाही

आपले बहुतेक उपाय इथेच अडतात. ज्येष्ठमध, मध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या, यांनी घशाच्या वरच्या भागाची खवखव शमते आणि तेवढं सुख खरं आहे. पण आपण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि तिथे चुकून थेंब गेला तर ठसका लागतो. फ्रिजचं पाणीसुद्धा तिथे जात नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्यावरचा आरोपही बराच सौम्य करायला हवा. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळण्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्यांनी विशेष जपावं. पुदिन्याच्या झणझणीत गोळ्या गार वाटतात, पण घसा कोरडा करतात.

पाणी प्यायलाच हवं, मात्र ते रक्तातून फिरून स्वरतंतूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. तास सुरू असताना बाटली रिकामी करण्यापेक्षा सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. थेट पोचते ती वाफ. साध्या पाण्याची, काही न टाकता, पाच-सात मिनिटं. त्यात बाम टाकू नका, आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसू नका.

सर्दीच्या काही गोळ्यांनी झोपेबरोबर कोरडेपणाही येतो. दम्याचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी चूळ भरा. त्याने आवाज बसत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण पंप परस्पर बंद करू नका.

कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. बसलेल्या आवाजात कुजबुजताना बरेच जण गळा आणखी आवळतात. त्यापेक्षा हळू, मोकळ्या आवाजात, थोडकं बोला. खाकरण्याचंही तसंच. एका खाकरण्यात स्वरतंतू जोरात घासतात, सूज वाढते, मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. उबळ आली की घोटभर पाणी गिळा.

स्ट्रॉ आणि अर्धा ग्लास पाणी

हा एक व्यायाम मी जवळपास सगळ्यांना सांगतो. ग्लासात अर्धं पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती मिटा आणि “ऊ” असा आवाज काढत फुंकर सोडा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. गाल सैल, खांदे खाली. आधी एकाच सुरावर, मग हळूहळू खालून वर आणि वरून खाली. दोन-तीन मिनिटं पुरे. तोंडाचा मार्ग अरुंद झाल्याने आतला दाब थोडा वाढतो आणि त्या आधाराने स्वरतंतू जोराने न आपटता हलतात. पहिल्या तासाआधी एकदा आणि शेवटच्या तासानंतर एकदा करा. नुसती फुंकर मारली आणि आवाज काढला नाही तर काही होत नाही. ही चूक फार जण करतात. दुखलं तर थांबा.

पोळा ते दसरा

उन्हाळा सोडला तर आवाज बसण्याचा दुसरा हंगाम हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत घसा ताणून घोषणा, मग गणपती, मग नवरात्र. वर्गातल्या कामावर ही रात्रपाळी चढते. घोषणा देताना घसा एकदम दुखून आवाज गेला, तर त्याच क्षणी बोलणं थांबवा. स्वरतंतूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते, आणि त्यावर ओरडत राहणं घातक. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम आहे म्हणून इंजेक्शन मारून आवाज “उघडून” घेणारे असतात. सूज उतरते, आवाज येतो, पण आतली इजा तशीच असते आणि तिच्यावरच जोर पडतो. तपासल्याशिवाय हे करू नका.

भजनी मंडळांत दोष पट्टीचा असतो. पेटीवाले काका काळी एक धरतात आणि बायकांनाही तिथेच ओढतात. खाली आवाज पोचत नाही आणि वरच्या सप्तकात किंचाळावं लागतं. त्यात खंजिरी कानाशी. बायकांची भजनं काळी चार-पाचच्या आसपास घेऊन बघा आणि खंजिरीवाल्याला दोन हात लांब बसवा.

डॉक्टरांकडे कधी

आवाज तीन-चार आठवडे सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचंच. गिळताना दुखणं, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, दम लागणं, एका बाजूचा कान दुखणं, यांपैकी काही असेल तर तेवढंही थांबू नका. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तर बसलेला आवाज कधीच अंगावर काढू नये. तंबाखूप्रमाणे सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, त्यामुळे “माझ्या खर्ऱ्यात तंबाखू कमीच असते” या म्हणण्याला अर्थ नाही.

नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. घशाची दुर्बीण म्हटलं की लोक घाबरतात. प्रत्यक्षात डॉक्टर जीभ धरून “ई” म्हणायला लावतात, किंवा नाकातून बारीक लवचीक नळी घालतात, आणि एक-दोन मिनिटांत स्वरतंतू पडद्यावर दिसतात. नोड्यूल निघाले तर लगेच ऑपरेशन असं समजू नका. आधी स्पीच थेरपी करतात आणि बऱ्याच जणांचं त्यानेच भागतं.

जाताना ती वही न्या. ओपीडी सकाळी असते आणि जास्त वापराने बसणारा आवाज सकाळी छान असतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर बोललेली दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. डॉक्टरांना तीच ऐकवा.